रविवारचं शहर

“अहो, पिशवी बसमध्येच राहिली वाटतं.”

हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं आणि मी हातातलं केळं तसंच धरून बसून राहिले. हॅम्बुर्गच्या धक्क्यावर, एल्बे नदीकडे तोंड करून ठेवलेल्या एका बाकावर मी बसले होते. जून महिना होता, पण वारा असा की आमच्या बार्शीत पौषातसुद्धा कुणी एवढं गुंडाळून घेत नाही. जानेवारीपासून मी त्या शहरात होते आणि रस्त्यात मराठी कानावर पडण्याची ती पहिलीच वेळ. वळून बघायचा धीर होईना. भास निघाला तर काय घ्या.

“तुझ्याच खांद्याला आहे,” पुरुषाचा आवाज म्हणाला. “काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

भासात कुणी म्हणी वापरत नाही. मी वळले.

साठी ओलांडलेलं जोडपं होतं. काकूंनी पंजाबी ड्रेसवर स्वेटर, स्वेटरवर कोट आणि कोटावर शाल घेतली होती, पायात पांढरेशुभ्र नवे बूट. काका माकडटोपीत. मी उठून नमस्कार केला तर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

“मराठी?”

“बार्शीची आहे.”

“अगं बाई. आम्ही सांगलीचे, आरवाडे,” असं म्हणून त्या माझ्या बाकावर बसल्यासुद्धा. “बरं झालं बाई भेटलीस. हितं सगळं एकसारखंच दिसतंय. आमची टूर गेलीय बोटीतनं फिरायला. यांना बोट लागते, म्हणून आम्ही हितंच. संध्याकाळी बस सुटेपर्यंत हितंच बसा म्हणाला तो टूरवाला. तू कुणाकडं असतेस? सासर का माहेर?”

“दोन्ही नाही. एका घरी राहते. त्यांची मुलगी सांभाळते.”

मग मला ओ-पेअर म्हणजे काय ते सांगावं लागलं. परक्या देशात एखाद्या घरात राहायचं, त्यांच्यातच जेवायचं-खायचं, त्यांच्या पोरांना शाळेत सोडायचं-आणायचं, आणि त्या बदल्यात भाषा शिकायची. एजन्सीमार्फत वर्षभराचा करार. भाषा आली की तिथेच नर्सिंगला प्रवेश घेता येतो, एवढ्यासाठी मी सोलापूरला जर्मनचे क्लास करून आले होते.

“म्हणजे शिकूनसवरून पोरंच सांभाळायला आलीस एवढ्या लांब,” काकू म्हणाल्या.

“अगं, ती भाषेसाठी आलीय,” काका म्हणाले.

“भाषा काय, सांगलीत येत नाही?”

खरं तर मला राग यायला हवा होता. माझी आई अंगणवाडीत सेविका. मी निघाले तेव्हा ती म्हणाली होती, “मी चालत जाऊन पोरं सांभाळते, तू विमानानं जाऊन सांभाळ.” ते कुणी दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपलं नसतं. पण सहा महिन्यांत माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती. काकूंनी माझी जात, पगार आणि रक्तगट विचारला असता तरी मी आनंदानं सांगितला असता.

“मग आज सुट्टी?”

“रविवारी असते. शहर बघते.”

“मग दाखव की आम्हाला,” काकू उठल्याच. “बसून बसून गारठले मी.”

शहर मला दाखवता येण्यासारखं होतं. त्या घरातल्या लोकांपेक्षा मला ते जास्त पाठ झालं होतं, आणि त्यात कौतुकाचं काही नव्हतं.

झालं होतं असं. मी तिथे पोचल्यानंतरचा पहिला रविवार. घरची बाई, आंट्ये तिचं नाव, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “आम्ही श्टाडेला माझ्या आईकडे जेवायला जातो रविवारी. येतेस का?” मी म्हणाले, “नको, तुम्ही जा.” ती म्हणाली, “बरं.” आणि गाडीची किल्ली घेऊन नवऱ्याला हाक मारून निघाली. जाता जाता म्हणाली, “शहर छान आहे, बघून घे.” छोट्या फ्रीडानं काचेतून हात हलवला. मी इस्त्रीचा कुर्ता घालून, केस विंचरून, पायात मोजेसुद्धा चढवून दारात उभी होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मला वाटत होतं की विसरलं असेल काहीतरी, येतील परत.

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आणि मी पण कुणाच्या ताटात डोकावणारी नव्हे. बाईला रविवारी फक्त आपलीच माणसं हवीत, हे मी ओळखलं आणि पुढच्या रविवारपासून ती मंडळी उठायच्या आतच बाहेर पडायला लागले. पाऊस असो, बर्फ असो. मीकेल चर्चच्या मनोऱ्यावर मी इतक्यांदा चढले की तिथला तिकीटवाला मला मान हलवून सोडायचा. जुनी विटांची गोदामं आणि त्यांच्यामधून गेलेले कालवे बघितले, नगरभवन आतून बघितलं, बाहेरून बघितलं, आल्स्टर तळ्याला फेऱ्या घातल्या. महिन्याच्या पासावर नदीतली होडी फुकट असते, ती कुठेही न उतरता इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केली. शेवटी काही उरेना तेव्हा ओल्सडोर्फची दफनभूमी बघायला गेले. केवढी तरी मोठी आहे, आत बस फिरते. तिथे एका आजीनं मला विचारलं की तुमचं कुणी आहे का इथे. मी म्हणाले नाही, बघायला आलेय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आपल्या थर्मासमधली कॉफी घेणार का म्हणून विचारलं. मी म्हणाले, “नको.” त्यांनी झाकण लावलं.

फोटो काढून मी आईला पाठवायची. आई ते अंगणवाडीतल्या बायांना दाखवायची आणि मला फोनवर म्हणायची, “फार छान आहे गं गाव. पण फोटोत तू कुठंयस?”

तर आरवाडेंना मी नदीखालच्या बोगद्यात नेलं. धक्क्यापाशी हिरव्या घुमटाची इमारत आहे, तिच्यातून लिफ्टनं खाली उतरायचं आणि एल्बेच्या तळाखालून चालत पलीकडे निघायचं. शंभर वर्षांपूर्वी गोदीतल्या कामगारांसाठी खोदलेला. भिंतींना पांढऱ्या फरश्या आणि मधूनमधून मासे, खेकडे कोरलेले.

“डोक्यावर नदी आहे आत्ता?” काकूंनी विचारलं.

“हो. आणि तिच्यावर जहाजं.”

“अरिहंत, अरिहंत,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. पलीकडे लिफ्टमधून वर येईपर्यंत सोडला नाही. ऊबदार, जरा खरखरीत हात होता, बांगड्यांची किणकिण मनगटावर. मी मुद्दाम हळू चालत होते. फ्रीडाचा हात मी रोजच धरायची, पण ते काम होतं.

पलीकडच्या काठावर बसायला जागा आहे. तिथून सगळं शहर एका ओळीत दिसतं. काकांनी फोटो काढले, माझाही काढला. काकूंनी मग ती हरवलेली पिशवी उघडली आणि तिच्यातून भडंगाचा डबा आणि फडक्यात बांधलेल्या गूळपोळ्या काढल्या.

“घे.”

“नको काकू, पोट भरलंय.”

“अगं घे की.”

“खरंच नको. आत्ताच खाल्लं.”

“केळं खाल्लंस ते दिसलं मला. हात पुढं कर. माझी शपथ आहे.”

मी हात पुढे केला. भडंगाची मूठ, तिच्यावर अर्धी गूळपोळी, ती संपायच्या आत दुसरी अर्धी. काकू काकांशी बसच्या सीटवरून काहीतरी वाद घालत होत्या, आणि तो वाद न थांबवता माझ्या हातावर वाढत होत्या. मला एकाएकी रडू आलं. आवरता येईना असं आलं. भडंग तोंडात, डोळ्यांतून धारा.

“तिखट लागलं का गं?”

“हो,” मी म्हणाले.

काकांनी पाण्याची बाटली दिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांना कळलं असावं.

मग मी सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी संध्याकाळी मला एक उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी आंट्येनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून घेतलं होतं. “मायू,” ती म्हणाली होती. माझं नाव मयूरी घोडके, पण फ्रीडानं केलेलं मायू घरभर झालं होतं. “मायू, तू इथे आनंदात नाहीस असं मला दिसतंय. तुला घरी परत जायचं असेल तर जा. एजन्सीशी मी बोलेन, तुझ्यावर कुणी रागावणार नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत विचार कर आणि मला सांग.” आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. थांब म्हणाली नाही, जाऊ नकोस म्हणाली नाही. आमच्याकडे कुणाला वाटेला लावायचं असेल तर असंच गोड बोलतात. मी आईला फोन करून सांगितलं की कदाचित मी परत येईन. आई म्हणाली, “तुला पटेल तसं कर. माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस.”

परत आले असते तर नर्सिंग सुटलं असतं. दुसऱ्यांदा कुणी मला एवढ्या लांब पाठवणार नव्हतं. आणि राहिले असते तर आणखी सहा महिने रविवार.

“आई एकटीच?” काकूंनी विचारलं.

“वडील गेले मी दहावीत असताना.”

“मग जा की घरी. जिथं माणूस जेव म्हणत नाही तिथं राहायचं कशाला?”

“तिला ठरवू दे,” काका म्हणाले.

“ठरवू दे की. मी माझं मत सांगितलं.” काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “आणि असं कर, आज आमच्याबरोबरच चल. आमचा मुक्काम ल्युबेकला आहे, तासाभरावर. बसमध्ये जागा आहे, टूरच्या स्वयंपाक्यानं आज पिठलंभात करायचं कबूल केलंय. पोटभर जेव, आमच्याच खोलीत झोप, सकाळी गाडी पकडून ये परत.”

“नको काकू, कशाला उगीच.”

“उगीच काय? चल.”

“नको, खरंच. तुम्हाला अडचण.”

“लेकीची कसली आलीय अडचण? येणार आहेस. मी ऐकायची नाही.”

तीनदा बोलावून झालं होतं. मी म्हणाले, “बरं, येते.”

परतीच्या वाटेवर बोगद्यातून चालताना माझं सगळं ठरलं. रात्री पिठलंभात. आंट्येला फोन करून सांगायचं की आज येत नाही. सकाळी यायचं, बॅग भरायची, आणि तुमचं उत्तर हे घ्या म्हणायचं. मला एकदम हलकं वाटत होतं. फरश्यांवरचे खेकडेसुद्धा ओळखीचे वाटले.

बसपाशी टूरची माणसं जमायला लागली होती. सगळीकडे मराठी. कुणी कुणाला जागा धरायला सांगत होतं, कुणी बोटीतल्या वाऱ्याबद्दल बोलत होतं. काका पायरी चढले. काकूंनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

“बरं मग, सांभाळून राहा हं. काळजी घे. अंगावर जाड काहीतरी घालत जा.”

मला क्षणभर कळेना. “काकू, मी येतेय ना?”

“कुठं?”

“ल्युबेकला. तुमच्याबरोबर.”

काकूंचा चेहरा बघवेना. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या लक्षातच नव्हतं. “अगं हो की,” त्या म्हणाल्या. “ये की. म्हणजे या टूरवाल्याला विचारायला पाहिजे. आणि खोली दोघांचीच असते बघ, पलंग केवढासा. सकाळी परत आमचं उजाडायच्या आत निघायचं. पण ये की तू. यायचंच असेल तर ये.”

काका पायरीवरून खाली आले. माकडटोपी काढून हातात घेऊन ते माझ्याशी हळू बोलले.

“तिचं तसंच आहे बाळ. ती सगळ्यांना बोलावते. मनापासून बोलावते, पण कुणी येईल असं तिला वाटत नाही.”

“मी गंमत केली,” मी म्हणाले. “सकाळी त्या पोरीला शाळेत सोडायचंय, मला कुठे जमतंय.”

काकूंच्या जिवात जीव आला. त्यांनी भडंगाचा अख्खा डबा माझ्या हातात कोंबला, मी नको म्हणायच्या आत. “सांगलीला आलीस की थेट घरी यायचं. हॉटेलात उतरलीस तर बघ.” पत्ता द्यायचा राहिला, आणि मी मागितला नाही. बस निघाली तेव्हा काकू खिडकीशी बसून हात हलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं. त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. मला फक्त वाटलं की आता या शहरात कुठेही जाऊन बसले तरी मला कुणी ओळखणार नाही, आणि तासभर बसले काय, दोन तास बसले काय, विचारणारं कुणी नाही. एवढं एकटं मला त्याआधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

बसले नाही. कंटाळा आला होता मला बाकांचा. रविवार असून, उजेड असताना, मी घरी गेले.

मंडळी श्टाडेहून नुकतीच परतली होती. आंट्ये स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती. आईकडून आणलेला बटाट्याचा काहीतरी प्रकार होता, वाफ अजून येत होती. मला बघून तिला नवल वाटलं.

“लवकर आलीस. बरं नाही का?”

“बरी आहे.”

ती थांबली. हात पुसले. “ठरवलंस?”

जर्मनमध्ये मी तिला अगंतुगं करायची, तशी रीतच आहे, पण मनात ती तुम्हीच होती. मी म्हणाले, “आधी तुम्ही सांगा. मी जावं असं वाटतंय का तुम्हाला?”

“मला?” आंट्ये म्हणाली. “नाही. मी असं कधी म्हटलं?”

“थांब असंही म्हणाला नाहीत.”

“ते कसं म्हणणार? तू आमच्या घरात राहतेस, आमच्यावर अवलंबून आहेस. मी थांब म्हटलं तर तुला नाही कसं म्हणता येईल? तुझं तुला ठरवता यावं म्हणून मी काही बोलले नाही.”

मी टेबलाशी बसले. आतून फ्रीडाचा टीव्ही ऐकू येत होता. म्हटलं आता विचारूनच टाकावं, नाहीतरी जायचंच आहे.

“आणि रविवारी तुम्ही मला आईकडे का नेत नाही?”

आंट्येला खरंच समजेना. “मी विचारलं होतं. तू पहिल्याच रविवारी नको म्हणालीस.”

“परत विचारलं नाहीत.”

“तू नको म्हणाली होतीस, मायू.” तिनं ते अगदी सरळ म्हटलं. मग म्हणाली, “माझ्या आईनं तुझी खुर्ची मांडली होती. त्या रविवारी आणि नंतर बरेच रविवार. मी तिला म्हणाले, तिला शहर बघायला आवडतं, तिला आपल्यात बसायला आवडत नसेल, जबरदस्ती नको. मग मार्चमध्ये कधीतरी तिनं ती खुर्ची खोलीत नेऊन ठेवली.”

कुणीतरी माझी खुर्ची मांडत होतं. मी होडीत बसून इकडून तिकडे जात होते, दफनभूमीत फिरत होते, आणि श्टाडेला एक म्हातारी माझ्यासाठी ताट मांडून बसत होती. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मनात नुसतं दुखलं.

“आमच्याकडे,” मी म्हणाले, “पहिल्यांदा नको म्हणतात ते नको नसतं.”

“मग काय असतं?”

मी विचार केला. “रीत असते. एकदम हो म्हटलं तर हावरट दिसतं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“तेव्हाही तेच.”

“आणि तिसऱ्यांदा बोलावतात ते मात्र खरं असतं.”

मला काकूंचा चेहरा आठवला. “कधी कधी,” मी म्हणाले.

आंट्ये हसली नाही. ती कुठल्याच गोष्टीला पटकन हसायची नाही. बशी पुसता पुसता ती म्हणाली, “अवघड आहे. मग कुणाला खरंच काय हवंय ते तुम्हाला कळतं कसं?”

“कळतं,” मी म्हणाले. “घरच्यांचं कळतं.”

“मला नाही कळणार. तुला मला सांगावं लागेल.” तिनं बशी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. “मी एकदाच विचारते. राहशील का? आम्हाला तू हवी आहेस. फ्रीडाला तर फारच.”

“हो,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या विचारण्याला हो म्हणाले. कान गरम झाले माझे.

“छान. जेवायला बसतोय आम्ही. जेवणार?”

“हो.”

कुणी वाढलं नाही. भांडं टेबलाच्या मधोमध होतं आणि ज्याचं त्यानं घ्यायचं होतं. एकदा घेतलं. आणखी हवं होतं. इतके दिवस अशा वेळी मी कुणीतरी घे म्हणेल म्हणून वाट बघायची आणि भुकेली उठायची. त्या दिवशी मी हात लांब करून भांडं जवळ ओढलं. कुणी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. फ्रीडानं भडंगाचा डबा उघडला, एक दाणा खाल्ला, आणि पाणी पाणी करत बापाच्या मांडीवर चढली.

जेवण झाल्यावर मी खोलीत येऊन आईला फोन लावला. बार्शीत एव्हाना निजानीज व्हायची वेळ झाली होती, पण पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

“आई, मी राहतेय. वर्ष पुरं करते, मग नर्सिंगचं बघते.”

“बरं,” आई म्हणाली. “बरं झालं. चांगलं झालं.” मग म्हणाली, “मी आज गादीला ऊन दाखवून ठेवलं होतं.”

“कुठल्या गादीला?”

“तुझ्याच. सहज आपलं. आभाळ यायच्या आत.”

“आई, तुला एकटीला जड जातंय का? येऊ का मी?”

“छे गं. मला काय धाड भरलीय? अंगणवाडीत दिवस निघून जातो माझा. तू नको येऊस. राहा तिकडं.”

“बरं,” मी म्हणाले.

पलीकडून काहीच आवाज येईना. फोन तुटला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. चालू होता.

“जेवलीस का?” आईनं विचारलं.

“हो. सगळ्यांबरोबर जेवले.”

“झोप मग,” ती म्हणाली.

ते वर्ष संपलं. पुढे नर्सिंग झालं, मग तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी लागली, मग घर घेतलं. प्रत्येक टप्प्यावर मी आईला फोन करून विचारलं की आता येऊ का तुझ्याकडे. दर वेळी एकदाच विचारलं, आणि दर वेळी ती नको म्हणाली.